सरांचा डावा पाय आणि मगदुमांचा पंखा

विजयसिंह सरांना आयुष्यात एकदाच कुणी नापास केलं, आणि ते टीव्हीनं. माणूस गणितात नापास झाला तर एक वेळ चालतं, कोल्हापुरात त्याचं कुणी फारसं मनावर घेत नाही. पण सर नापास झाले तालात. ज्या माणसानं गारगोटीकडच्या हायस्कुलात जन्मभर पोरांना लेझीम शिकवली, ज्याच्या एका शिट्टीवर अख्खं मैदान एका पायावर उभं राहायचं आणि दुसरी शिट्टी होईपर्यंत दुसरा पाय टेकवायची कुणाची छाती व्हायची नाही, त्या माणसाला एका चटईनं सगळ्या अपार्टमेंटसमोर सांगितलं, की बाबा रे, तुला ताल नाही.

चटई अनुजाची. अनुजा ही सरांची एकुलती एक लेक, पुण्याच्या कंपनीत नोकरीला आणि कंपनीच्या कृपेनं निम्मा महिना फुलेवाडीत घरी बसून काम करणारी. तिला तालाच्या खेळांचा नाद. नाद म्हणजे कोल्हापुरी नाद, त्याला औषध नाही. ही चटई टीव्हीला जोडायची. तिच्यावर चार चौकोन: डावा, उजवा, पुढचा, मागचा. गाणं सुरू झालं की पडद्यावर खालून बाण वर चढायला लागतात. बाण वरच्या रेघेला भिडला की त्या दिशेच्या चौकोनावर पाय मारायचा. बरोबर पडला तर टीव्ही शाबासकी देतो, चुकला तर तांबड्या अक्षरांत 'मिस' लिहून इज्जत काढतो. खेळ एवढाच.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर तळमजल्याच्या हॉलमध्ये जिलेबी होती, आणि जिलेबीबरोबर काहीतरी करमणूक हवी म्हणून अनुजानं चटई अंथरली. पोरंबाळं नाचली, बायका लाजत लाजत नाचल्या. मग कुणीतरी म्हणालं, "सर, तुम्ही?" एवढंच पुरे होतं. सरांनी चपला काढल्या, शिट्टी हातात धरली आणि "ह्यात काय अवघड हाय?" असं म्हणून ते चटईवर चढले.

अवघड होतं ते असं. बाण दिसला की सर जोरात पुकारायचे, "डावा! उजवा! पुढं!" पुकार अगदी वेळेवर, पाय अगदी वेळेवर, आणि टीव्ही म्हणायचा, मिस. "उजवा! मागं!" मिस, मिस. गाणं संपेपर्यंत टीव्हीनं लाज म्हणून एकदाही शाबासकी दिली नाही. हॉलमध्ये इतकी शांतता पसरली, की कुणाच्या तरी हातातली जिलेबी पाकासकट जमिनीवर पडल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. त्या शांततेत अण्णाप्पा मगदूम शेजारच्याच्या कानात बोलले. अण्णाप्पांचं कानातलं बोलणं रस्त्यापलीकडच्या पानपट्टीपर्यंत जातं.

"सरांचा ताल गेला म्हणायचा."

अण्णाप्पा हे अपार्टमेंटचे सेक्रेटरी. सरांच्या बरोबर खालच्या फ्लॅटमध्ये राहतात, आणि कबनूरला त्यांचे कापडाचे माग आहेत. दिवसभर खटक-खटक ऐकून त्यांचे कान बधिर झाले असतील असं कुणाला वाटेल, पण उलट आहे. शंभर मागांत एक माग अडखळला तरी जेवता जेवता त्यांचा घास थांबतो. तेव्हा तालाविषयी अण्णाप्पा बोलले म्हणजे ते उडवून लावण्यासारखं नव्हतं.

आणि दुखणं पुढंच होतं. अपार्टमेंटचा गणपती कुंभार गल्लीतून वाजतगाजत येतो. मूर्तीच्या पुढं लेझमीचं पथक, आणि पथकाच्या पुढं, पथकाकडं तोंड करून, शिट्टी वाजवत उलट्या पावली चालणारे विजयसिंह सर. फ्लॅट घेतल्यापासून हा मान सरांचा. पेन्शन, बीपीची गोळी आणि सकाळचा रंकाळा हे बाकीच्या निवृत्त मंडळींकडंही होतं. ती शिट्टी मात्र फक्त सरांकडं होती. गणपतीच्या बैठकीत तिसऱ्या मजल्यावरच्या धैर्यशीलचं नाव पुढं आलं. हा पोरगा गच्चीवर सकाळी झुंबाचे वर्ग घेतो, दंड दाखवणारे बनियन घालतो, आणि वागायला इतका चांगला, की त्याचा राग धरायचीही सोय नाही.

"माझं काय न्हाय," अण्णाप्पा म्हणाले. "पण एक पाय चुकला तर सगळी पोरं एकमेकांवर पडत्यात. मशीन कुणाच्या बाजूचं नसतंय. हरतालिकेदिवशी कुस्तीगत दोघांची जोड लावू. मशीन ज्याला जास्त मार्क देईल त्याची शिट्टी."

जोड लावायची म्हटल्यावर कोल्हापूरचा माणूस मागं हटत नाही. सर उभे राहिले, "मंजूर!" म्हणाले, आणि घरी येऊन पंख्याखाली बसून राहिले. राजनंदिनीबाईंनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, चहा ठेवला तो तसाच निवला. सरांना मनापासून भीती वाटली होती. आपला ताल खरंच गेला असला तर उरलं काय, हा प्रश्न त्यांना सुटेना.

दुसऱ्या दिवसापासून तयारी सुरू झाली, आणि जोड ठरली म्हणजे सल्ले फुकट. पहिल्या मजल्यावरून निरोप आला, की म्हशीचं धारोष्ण दूध प्या, पायाला वजन येतं. दुसऱ्या मजल्याचं म्हणणं पडलं, की वजन आधीच आहे, पांढरा रस्सा प्या, सांधे सुटतात. सरांनी दोन्ही केलं. पोटानं त्याचा जो निकाल लावला तो इथं सांगत नाही. एकानं तळपायाला तेल चोळायला सांगितलं. तेल चोळून सर चटईवर चढले आणि पहिल्याच बाणाला चटईसकट घसरत शोकेसपर्यंत गेले. शोकेसमध्ये त्यांना लेझमीसाठी मिळालेल्या ढाली होत्या. त्यांतली सर्वांत मोठी त्यांच्याच डोक्यावर पडली.

चटई सरकते म्हटल्यावर सरांमधला ड्रिल मास्तर जागा झाला. मैदान आखल्याशिवाय खेळ कसा होणार? त्यांनी पिशवीभर फक्की आणली आणि घराच्या हॉलमध्ये, सोफ्यापासून टीव्हीपर्यंत, पांढऱ्याशुभ्र चुन्याच्या रेघा ओढल्या. चटई कुठं, पाय कुठं, अनुजानं कुठं उभं राहायचं, सगळं आखून टाकलं. राजनंदिनीबाई भाजी घेऊन आल्या त्या दारातच थांबल्या.

"अहो, हे घर हाय का गांधी मैदान?"

"रेघ ओलांडू नको," सर म्हणाले. पुढचा अर्धा तास राजनंदिनीबाई बोलत होत्या आणि सर फडक्यानं फरशी पुसत होते.

तेवढ्यात खालून अण्णाप्पा आले. सेक्रेटरी म्हणून आले होते, म्हणून शर्टाची वरची गुंडी लावली होती. "सर, माझा पंखा हलाय लागलाय. फिरत न्हाय, हलतोय. ताटात आमटी हिंदकळतीया."

"तुम्हीच तर जोड लावलीसा. सराव नको करायला?"

"करा की. पण कमिटीची परवानगी पायजे. राहत्या घरात उड्या मारायच्या म्हणजे अर्ज नको?"

सरांनी अर्ज केला. विषय: राहत्या घरात उड्या मारण्याची परवानगी मिळणेबाबत. कमिटीनं विचारलं, उड्या किती उंच? सरांनी लिहिलं, वीतभर. कमिटीनं विचारलं, कुणाची वीत? शेवटी अण्णाप्पांनी परवानगी दिली ती अटी घालून: ते कबनूरला गेले की उड्या, संध्याकाळी दिवस मावळायच्या आत त्यांचं जेवण असतं तेव्हा उड्या नाहीत, आणि दुपारी वामकुक्षीला तर चालायचंसुद्धा चवड्यांवर. ज्या माणसाचं आयुष्य मागांच्या खडखडाटात गेलं त्यानं आवाजाची तक्रार करावी हे सरांना लागलं, आणि त्यांनी तसं बोलून दाखवलं.

"मागाचं सोडा," अण्णाप्पा शांतपणे म्हणाले. "माग तालात चालतोय, सर. तुमचं तसं न्हाय."

हा घाव ढालीपेक्षा जोरात बसला. त्या दिवशी सरांनी जेवताना चटणी मागितली नाही, यावरून घरच्यांनी काय ते ओळखलं.

अनुजानं मग लॅपटॉप बंद केला. "बाबा, मी सांगतो तसं करा," ती म्हणाली. कोल्हापूरच्या मुली 'मी करतो, मी जातो' असंच म्हणतात. पुण्याच्या पगारानंही अनुजाचं हे वळण सुटलं नव्हतं आणि सरांना त्याचा गुप्त अभिमान होता. "आता मी मिरर लावतो. गाणं तेच, ताल तोच. फक्त पडद्यावर डावा बाण उजवा दिसतो, उजवा डावा, पुढचा मागं आणि मागचा पुढं; चटईवरचे चौकोन जागच्या जागीच, म्हणजे बाण दिसेल त्याच्या उलट पाय मारायचा. सगळी नोटेशनच आरशात बघितल्यागत. आम्ही खेळणारे हे मुद्दाम करतो. एकच बाजू पाठ झाली की पाय आंधळा होतो, आणि आळशी पाय आळशीच राहतो. उलटं केलं की बाण नव्यानं वाचावा लागतो. आधी स्कोअर पडणार, तोंड वाकडं करायचं नाही."

"शेवटचा नंबर हाय माझा," सर म्हणाले. "अजून कुठं पडणार?"

रिमोटचं बटण दाबून तिनं मिरर लावला. सरांनी शिट्टी फुंकली. गाणं सुरू झालं आणि बाण चढायला लागले. सर पुकारायला लागले, "उजवा! डावा! मागं! पुढं!" आणि टीव्ही म्हणाला, शाबास. पुन्हा शाबास. टीव्हीला जणू दुसरा शब्द येईना. अनुजा सोफ्यावर बसली होती ती उभी राहिली. राजनंदिनीबाई पोळपाट-लाटणं घेऊन बाहेर आल्या. शेवटच्या बाणापर्यंत सरांचा एकही पाय चुकला नाही, आणि गाणं संपलं तशी दारावरची बेल वाजली.

दारात अण्णाप्पा. त्या दिवशी माग बंद होते म्हणून घरीच होते, पण तक्रारीचा चेहरा नव्हता. चकित झालेला होता.

"आज वर कोण नाचाय लागलंय?" त्यांनी विचारलं. "ठोका कसला पडतोय! पंखा हलतोय, पण तालात हलतोय. धैर्यशील आलाय व्हय?"

"मी हाय," सर म्हणाले.

अण्णाप्पांनी त्यांच्याकडं खालपासून वरपर्यंत बघितलं. "खरं सांगा."

उलटं केल्यावर सुलटं कसं झालं, हे अनुजाला समजेना आणि सरांना तर मुळीच नाही. कोडं सोडवलं राजनंदिनीबाईंनी, तेही कणकेचे हात पुसत. "ह्यांचं डावं म्हणजे उजवं, हे मला लग्नापासनं ठाऊक हाय," त्या म्हणाल्या. "सप्तपदीला भटजी म्हणाले उजवा पाय, ह्यांनी डावा टाकला. गृहप्रवेशाला मला म्हणत्यात, उजवा पाय आत टाक, आणि स्वतः डावा उचलून दाखवत्यात. स्कूटरवर मागं बसून डावीकडं म्हणाले की मी मुकाट्यानं उजवीकडं वळवते. जन्मभर पोरांकडं तोंड करून उभं राहिल्यात. पोरांनी डावा उचलावा म्हणून ह्यांनी उजवा उचलायचा, पोरं पुढं आली की ह्यांनी मागं जायचं. तोंडानं एक, पायानं दुसरं. ताल कुठं गेलाय ह्यांचा? ह्यांच्यात मिरर पहिल्यापासनंच लावलेला हाय."

सरांनी चष्मा काढून पुसला. ताल शाबूत आहे हे ऐकून त्यांना जो आनंद झाला, तो आदर्श शिक्षकाचा पुरस्कार मिळाला तेव्हाही झाला नव्हता.

पण अण्णाप्पांमधला सेक्रेटरी फार वेळ गप्प बसत नाही. "मग जोड उलट्यावर न्हाय व्हायची," ते म्हणाले. "सुलट्यावरच. धैर्यशील सुलटा आणि तुम्ही उलटे, ही कुस्ती न्हवं. आणि गणपतीच्या तोंडावर उलटं काय नको. तोंडानं उजवा आणि पायानं डावा? देवाचं काम हाय, सर."

अनुजा भांडायला उठली, की खेळात मिररचे मार्क सारखेच धरतात. सरांनी तिला हातानं थांबवलं. "सुलट्यावर तर सुलट्यावर," ते म्हणाले. भीती गेली होती, आणि भीती गेलेला ड्रिल मास्तर काय वाटेल ते करू शकतो.

मग अनुजानं रीतसर मेहनत घेतली. एक गाणं मिररवर, तेच गाणं सरळ. पुन्हा मिरर, पुन्हा सरळ. मिररवर पायाला खात्री यायची, सरळवर डोळ्याला काम लागायचं. मधूनच ती शफल लावायची, म्हणजे बाणांची पार भेळ. पहिल्या शफलला सर सोफ्यात जाऊन बसले, ते स्वतःच्या मर्जीनं नव्हे. पण हळूहळू तोंड, डोळा आणि पाय एका घरात नांदायला लागले. सर 'डावा' म्हणायचे आणि डावा पडायचा. आयुष्यात पहिल्यांदाच. रिमोटचं बटण आता ते स्वतः अंगठ्यानं दाबायचे, बंदुकीचा घोडा ओढावा तसं. खाली अण्णाप्पा स्वतःच्या अटी विसरून पंख्याकडं बघत जेवायचे, आणि कबनूरला जायच्या आधी वर हाक मारून जायचे, "सर, मधल्या कडव्यात एक ठोका मागं पडला बघा!"

एकाच गोष्टीकडं कुणाचं लक्ष गेलं नाही. गणपतीचं सामान आणायला सर आणि राजनंदिनीबाई स्कूटरवरून निघाले. पापाच्या तिकटीला सर म्हणाले, "डावीकडं." बाईंनी सवयीप्रमाणं उजवीकडं घेतली. दोघं पंचगंगेच्या घाटावर पोचले. सामानाऐवजी पाणी बघून परत आले. ही सूचना होती. सूचना कुणी ऐकतं का?

हरतालिकेच्या दिवशी हॉल भरला. उपास असलेल्या बायका तर अर्धा तास आधी जागा धरून होत्या. धैर्यशील आधी नाचला आणि छान नाचला. सरांनी चपला काढल्या, देवाचं नाव घेतलं, शिट्टी फुंकली. "डावा! उजवा! पुढं!" टीव्ही शाबास म्हणत गेला. एकदा दोनदा अडखळला, पण सर अडखळले नाहीत. शेवटी मार्क झळकले तेव्हा धैर्यशील निसटता मागं राहिला होता. त्यानंच सर्वांत आधी येऊन सरांचे पाय धरले, आणि नेमका डावा धरला. अण्णाप्पांनी स्वतः फेटा आणला. सरांना पाटावर बसवून बांधला. अनुजा भिंतीला टेकून उभी होती आणि तिचे डोळे भरून आले होते. तिनं ते लपवलं नाही.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण दुसऱ्या दिवशी चतुर्थी होती.

कुंभार गल्लीत मूर्ती ट्रॉलीवर चढली. हलगीवाल्या गुंडूनं टिपरी टाकली, हलगी कडकडली आणि पथक उभं राहिलं, पहिल्या रांगेत मधोमध अण्णाप्पा. सेक्रेटरी माणूस मागच्या रांगेत उभा राहत नसतो. सर पथकाकडं तोंड करून उभे राहिले, फेटा झोकात, आणि शिट्टी फुंकून त्यांनी पुकारलं, "डावा!"

आणि डावा उचलला.

पथक वर्षानुवर्षं सरांच्या पायाकडं बघून नाचत आलेलं. निम्म्यांनी शब्द ऐकला, निम्म्यांनी पाय बघितला. लेझमी एकमेकींत अडकल्या. "पुढं!" सर गरजले. पथक पुढं आलं आणि सरही पुढं गेले. त्यांचं पोट आणि अण्णाप्पांचं पोट यांची भर रस्त्यात गाठ पडली. कुणाची तरी लेझीम फेट्यात गुंतली आणि फेट्याचा शेमला हलगीवर जाऊन पडला. गुंडूनं हात थांबवला. दुतर्फा माणसं हसायला लागली.

"सर, ताल बरोबर हाय," अण्णाप्पा पोट सावरत म्हणाले, "पण तुम्ही सुधारलासा की!"

सरांच्या ध्यानात आलं. जन्मभराचं वळण घासून घासून सरळ केलं होतं, आणि इथं तर उलटंच हवं होतं. मागच्या रांगेतून धैर्यशील पुढं यायला लागला. मदतीलाच येत होता बिचारा. सरांनी शिट्टीकडं बघितलं. आता ही त्याच्या हातात द्यायची, एवढंच उरलं होतं.

तेवढ्यात गर्दीतून आवाज आला, हलगीपेक्षा मोठा.

"बाबा! मिरर लावा!"

अनुजा एका दुकानाच्या पायरीवर चढून ओरडत होती. सर क्षणभर तिच्याकडं बघत राहिले. रिमोट नव्हता. मग त्यांनी डोळे मिटले आणि सदऱ्याची दुसरी गुंडी अंगठ्यानं दाबली, बंदुकीचा घोडा ओढावा तसं. डोळे उघडले. शिट्टी झाली.

"डावा!" आणि उजवा उचलला गेला. समोर सगळ्या पथकाचा डावा उचलला, एका वेळी, आणि लेझमी एकाच आवाजात वाजल्या. "पुढं!" सर एक पाऊल मागं सरले आणि पथक लाटेसारखं पुढं आलं. गुंडूची हलगी पेटली. कोपऱ्यावर रस्ता वळला तसं सर वळले, पथकाला पाठ झाली. त्यांनी गुंडी दाबली, आणि सरळ पाय पडायला लागले. पुन्हा तोंड फिरवलं, पुन्हा गुंडी. उलटं, सुलटं, उलटं, गिरकी घेऊन सुलटं. असली लेझीम सरांनीही कधी घेतली नव्हती. आधी त्यांना एकच बाजू येत होती, आता दोन्ही येत होत्या. धैर्यशील मुकाट्यानं रांगेत गेला आणि सरांच्या पायावर नजर ठेवून नाचायला लागला. पायरीवरची अनुजा शेजारच्या अनोळखी बाईला सांगत होती, "माझे वडील आहेत, माझे," आणि ती बाई "व्हय, व्हय" म्हणत तिला पडता पडता सावरत होती.

पापाच्या तिकटीला मिरवणूक थांबली. सरांची गुंडी तुटून कुठं पडली होती कुणास ठाऊक. सदरा घामानं भिजला होता, फेटा अर्धा सुटला होता, आणि मान इतकी ताठ होती, की मागच्या गणपतीनंही बघून घ्यावं. बघ्यांतल्या एका माणसानं अण्णाप्पांना विचारलं, "पावणं, हे म्हातारं कोण हो? कुठं तयार झालं?"

अण्णाप्पांनी लेझीम खांद्यावर टाकली, छाती पुढं काढली आणि कुंभार गल्लीच्या शेवटच्या घरापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "म्हातारं कुणाला म्हणताय? आमचे सर हायत ते! माझ्या डोक्यावर नाचून तयार झाल्यात!"